पंच नसलेली शर्यत : कॉलेज रिगाट्याला पहिल्यांदाच मदतीला जाणाऱ्यांसाठी

डोंबिवलीत वाढलेल्या माणसाचा खाडीशी संबंध लोकलच्या खिडकीपुरता. एमएससाठी मी अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये आलो आणि पहिल्याच सेमिस्टरला, फुकट पिझ्झा आहे म्हणून, सेलिंग क्लबच्या सभेला जाऊन बसलो. होडी मला आजही जेमतेम हाकता येते. पण शिट्टी, घड्याळ आणि वही गेले चार मोसम माझ्याकडे आहे. इथल्या बऱ्याच विद्यापीठांत सेलिंगचा संघ म्हणजे मुलांनी मुलांसाठी चालवलेला क्लब असतो. पगारी माणूस असलाच तर एखादा कोच, त्यामुळे रिगाटा, म्हणजे होड्यांच्या शर्यतींची स्पर्धा, भरवायचं काम आपल्यासारख्यांच्याच गळ्यात पडतं. दर वर्षी दोन-तीन मराठी मुलं विचारतात, "मला पोहता येतं, बाकी काही येत नाही, मी काय करू?" हा लेख त्यांच्यासाठी.

एक खुलासा आधीच करतो. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाचा मुळेवरचा रिगाटा पाहिलेला असेल तर तो वल्ह्यांचा. इथे वल्हं नाही, इंजिन नाही. चार मीटरची होडी, दोन शिडं, दोन माणसं आणि वारा. शाळेत एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये एंटरप्राइज होडी चालवली असेल, तर तुम्ही माझ्या चार पावलं पुढे आहात.

आधी दोन गोष्टी डोक्यात बसवा

पहिली : पाण्यावर पंच नसतो. रेस कमिटी सुरुवात करून देते, शेवटी कोण कितवा आला ते लिहून घेते आणि रेषा आधी ओलांडणाऱ्याला परत बोलावते. मधल्या पंधरा-वीस मिनिटांत कोणी कोणाला आडवं गेलं, कोणाची शिडं कोणाला लागली, हे बघायला सहसा कोणी नेमलेलं नसतं. चूक ज्याची, त्याने स्वतः दंड घ्यायचा. घेतला नाही, तर समोरच्याने तक्रार करायची. क्रिकेटमध्ये "अंपायरने दिलं नाही ना, मग नाबाद" असं म्हणत वाढलेल्या आपल्या पोरांना हे पचायला वेळ लागतो. मलाही लागला.

दुसरी : होडी तुमची नाही. गल्लीत ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. इथे सगळ्या होड्या यजमान कॉलेजच्या आणि पाहुणे हात हलवत येतात. मग यजमानाने चांगली होडी स्वतःला ठेवली तर? ती सोयच ठेवलेली नाही. ठरावीक शर्यतींनंतर प्रत्येक संघ होडी बदलतो. एमआयटीने १९३६ साली चार्ल्स नदीच्या काठी सेलिंग पॅव्हिलियन उघडलं, टेक डिंगी नावाच्या एकसारख्या छोट्या होड्यांचा ताफा तिथे ठेवला. कॉलेजने होड्या पुरवायच्या आणि बाकीच्यांनी त्यावर येऊन शर्यत करायची, ही पद्धत पुढे देशभर रुळली. संयोजकाचं निम्मं काम या अदलाबदलीतच जातं.

खेळाचा सांगाडा

या शर्यती इंटरकॉलेजिएट सेलिंग असोसिएशन, म्हणजे आयसीएसए, हिच्या छत्राखाली होतात. संघटना १९३० सालची. देशाचे तिने सात विभाग केले आहेत, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. फुटबॉल-बास्केटबॉल चालवणाऱ्या एनसीएएशी हिचा संबंध नाही. मोसम दोन : सप्टेंबर ते नोव्हेंबर, आणि बर्फ वितळल्यावर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. बहुतेक रिगाटे शनिवार-रविवारचे.

होड्या दोन प्रकारच्या दिसतील. एक ४२०, लांबी ४.२ मीटर, फ्रान्समध्ये क्रिस्तियान मोरी याने आखलेली. दुसरी एफजे, म्हणजे फ्लाइंग ज्युनियर, मूळची डच, तिच्यापेक्षा किंचित लहान. मागे सुकाणूवर बसतो तो स्किपर, आपल्याकडचा तांडेल म्हणा. पुढचं छोटं शीड म्हणजे जिब, आणि होडीचा तोल, ही क्रूची कामं. स्पिनेकर (पुढे फुगणारं तिसरं शीड), ट्रॅपीझ (होडीबाहेर लटकायची तार) असलं काही कॉलेजच्या शर्यतीत नसतं.

प्रत्येक कॉलेजच्या दोन जोड्या उतरतात, एक ए डिव्हिजनमध्ये, एक बीमध्ये. ए वाले सहसा दोन शर्यती करून धक्क्यावर येतात, त्याच होड्यांत बी वाले बसतात, त्यांच्या दोन होतात. दोन शर्यतींचा एक सेट. पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २, असे गुण मोजायचे आणि दोन्ही डिव्हिजनची बेरीज करायची. सगळ्यांत कमी बेरीज असेल तो संघ पहिला.

इथे एक खाच आहे. सेलिंगच्या इतर बऱ्याच स्पर्धांत सगळ्यांत वाईट शर्यत गुणांतून वगळतात. कॉलेजमध्ये काहीच वगळत नाहीत. अठरा संघ असतील आणि तुम्ही सुरुवातीची रेषा आधी ओलांडून परत फिरला नाहीत, तर गुण १९. तो १९ रविवार संध्याकाळपर्यंत पाठ सोडत नाही. म्हणून इथली शहाणी पोरं पहिलं येण्यापेक्षा पंधरावं न येण्याची काळजी जास्त घेतात.

वसंतात याच होड्यांवर सांघिक शर्यतीही होतात, तीन विरुद्ध तीन. सहा होड्यांच्या गुणांची बेरीज २१, म्हणजे बरोबरी शक्यच नाही. १० किंवा कमी गुण ज्यांचे, ते जिंकले. पहिला आणि दुसरा तुमचा असेल तर तिसरा शेवटचा आला तरी ९ होतात, चाललं. पहिला, चौथा, पाचवा असले तरी १० होतात. धक्क्यावर पोरं बोटं मोजताना दिसली तर समजा हाच हिशेब चाललाय. त्यात पुढे असलेला मुद्दाम मागे रेंगाळून प्रतिस्पर्ध्याची वाट अडवतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं त्याची होडी बिघडली.

शुक्रवारपर्यंतची कामं

स्पर्धेची सूचना आणि सेलिंग इन्स्ट्रक्शन्स हे दोन कागद मुख्य. पहिल्यात कधी, कुठे, किती संघ. दुसऱ्यात मार्ग, इशारे, तक्रारीची मुदत, रविवारी किती वाजल्यानंतर नवी सुरुवात होणार नाही. गेल्या वर्षीचा कागद उघडून तारखा बदलायच्या, हेच सगळे करतात. फक्त तारखा खरंच बदला.

प्रत्येक होडीच्या शिडावर क्रमांक असतो. त्या क्रमांकांवरून रोटेशनचा तक्ता बनतो : कुठल्या सेटला कुठलं कॉलेज कुठल्या होडीत. गुण नोंदवायला कॉलेज सेलिंगची टेकस्कोर ही प्रणाली आहे, तक्ता तीच काढून देते. तो छापून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून धक्क्यावर निदान तीन ठिकाणी लावा. फोनवर आहे की, असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. ओल्या हाताने फोन उघडत नाही.

होड्या तपासणं हे कंटाळवाणं पण सगळ्यांत महत्त्वाचं काम. दोर झिजलेत का, सुकाणूची खिळी घट्ट आहे का, पाय अडकवायचे पट्टे तुटायला आलेत का. आणि बुचं. होडीच्या पोटात हवाबंद कप्पे असतात, मागच्या बाजूला पाणी काढायची भोकं, त्यांना बुचं. आमच्याकडे एकदा ७ नंबरची होडी बूच न लावता पाण्यात गेली. पहिल्या शर्यतीत ती नुसती जड वाटत होती. दुसऱ्या शर्यतीत मागचा भाग पाण्याशी टेकला. तपासणीच्या यादीवर त्या होडीपुढे बरोबरची खूण होती, आणि खूण माझ्या अक्षरातली.

पाहुण्यांची राहायची सोय म्हणजे बऱ्याचदा मुलांच्या घरी जमिनीवर पथाऱ्या. सकाळी सहाला चाळीस जणांना खायला काय? मी एकदा पोहे केले. लोकांनी दोनदा घेतले. पण शेंगदाण्याची ॲलर्जी इथे गंभीर असते, तेव्हा आधी विचारा किंवा शेंगदाणे वेगळे ठेवा. मी फोडणी झाल्यावर विचारलं होतं.

शनिवारी सकाळी

साडेआठ-नऊला स्किपर मीटिंग. मार्ग कुठला, धोके कुठे (आमच्याकडे उत्तरेच्या काठाशी उथळ आहे, उलटलेल्या होडीची डोलकाठी चिखलात रुतते), बचाव बोटी किती, होडी बिघडली तर कोणाला हाक मारायची. दहा मिनिटांत आटपा. त्यानंतर प्रत्येक संघाने कोण स्किपर, कोण क्रू याची नोंद द्यायची, तिला आरपी म्हणतात. वारा वाढला की दणकट क्रू आणि पडला की हलका, असे बदल दोन सेटच्या मध्ये होतात, तेव्हा ही नोंद दिवसभर बदलत राहते. ती त्या त्या वेळी लिहून घेतली नाही, तर रविवारी रात्री अठरा कॉलेजांना मेसेज करत बसाल.

रेषा आणि बोये

शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून, नागमोडी वळणं घेत वर चढते. म्हणून एक बोया (नांगरलेली तरंगती खूण) वाऱ्याच्या दिशेला वर, एक खाली आणि मध्ये किंवा खाली सुरुवातीची रेषा. या रेषेच्या एका टोकाला कमिटीची बोट, दुसऱ्या टोकाला छोटा बोया, त्याला पिन म्हणतात.

रेषा वाऱ्याला काटकोनात हवी. तिरकी झाली तर एक टोक वरच्या बोयाला जवळ पडतं आणि सगळ्या होड्या त्या टोकाला दाटी करतात. बहुतेक अनुभवी लोक पिनचं टोक चार-पाच अंश पुढे ठेवतात, म्हणजे कमिटी बोटीपाशी होणारी गर्दी जरा पांगते. लांबी किती? सगळ्या होड्या एकापुढे एक ठेवल्या तर होईल त्याच्या सव्वा ते दीडपट. अठरा होड्या, चार मीटरची एक, म्हणजे ७२ मीटर. रेषा ९० ते १०८ मीटर. कमिटी बोटीचा नांगर टाकताना खोलीच्या पाच ते सातपट दोर सोडा. कमी सोडलात तर बोट सरकेल आणि तिच्याबरोबर रेषाही.

वरचा बोया किती लांब टाकायचा हे वाऱ्यावर ठरतं. मध्यम वाऱ्यात साधारण ४०० मीटरवर टाकला आणि दोन फेऱ्या ठेवल्या, तर शर्यत पंधरा-वीस मिनिटांत आटपते. आम्ही सकाळी टाकून दिला आणि दुपारी वारा वळला तरी तसाच ठेवला, असं करू नका. कमिटी बोटीवर एका माणसाचं काम फक्त वाऱ्याची दिशा दर पाच मिनिटांनी वहीत टिपायची. नवख्याला द्यायला हे उत्तम काम आहे. दोन तासांत त्याला वारा दिसायला लागतो.

तीन मिनिटं

मोठ्या स्पर्धांत सुरुवातीचा क्रम पाच मिनिटांचा, झेंड्यांचा. कॉलेजमध्ये दिवसाला इतक्या शर्यती करायच्या असतात की तीन मिनिटांचा, आवाजाचा क्रम वापरतात. यात वेळ मोजायची ती आवाजावरून. क्रम असा :

३ मिनिटं उरली : तीन लांब शिट्ट्या
२ मिनिटं : दोन लांब
दीड मिनिट : एक लांब, तीन छोट्या
१ मिनिट : एक लांब
३० सेकंद : तीन छोट्या
२० सेकंद : दोन छोट्या
१० सेकंद : एक छोटी
५, ४, ३, २, १ : प्रत्येकी एक छोटी
सुरुवात : एक लांब

एकाने घड्याळ बघून मोठ्याने आकडे म्हणायचे, दुसऱ्याने वाजवायचं, तिसऱ्याने रेषेवर डोळा ठेवायचा. ही तिन्ही कामं एकाच माणसाने करू नयेत. माझ्या पहिल्या रिगाट्यात घड्याळ आणि शिट्टी दोन्ही माझ्याकडे होतं. दीड मिनिटाच्या तीन छोट्या झाल्यावर मी एका उलटलेल्या होडीकडे बघत राहिलो आणि एका मिनिटाची शिट्टी सात-आठ सेकंद उशिरा वाजवली. मग ती भरून काढायला पुढची लवकर वाजवली. अठरा होड्यांवरच्या अठरा घड्याळांचं काय झालं असेल, विचार करा. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी, वयाने सत्तरीच्या, माझ्याकडे न बघता लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा झेंडा वर केला आणि हॉर्न दोनदा दाबला. सुरुवात पुढे ढकलली. नंतर एवढंच म्हणाल्या, "चुकलं की थांबव, सावरू नकोस." झेंडा खाली येताना एक आवाज, मग एका मिनिटाने क्रम पुन्हा पहिल्यापासून.

रेषेवर बघणाऱ्याने डोळा रेषेच्या समोरासमोर आणायचा आणि शेवटच्या दहा सेकंदांत मान हलवायची नाही. कोणी आधी गेलं तर लगेच एक आवाज, निळ्या फुलीचा पांढरा झेंडा (एक्स) आणि मोठ्याने शिडाचा क्रमांक. ती होडी पूर्ण मागे येऊन पुन्हा निघते. घोळक्यात कोण आधी गेलं ते ओळखूच आलं नाही, तर दोन आवाज आणि निळ्या काठाचा पिवळा त्रिकोणी झेंडा : सगळे परत. "बहुतेक बारा नंबर होती" हे पुरेसं नाही. दिसली असेल तरच पुकारायची.

पाण्यावरचे नियम, जेवढे रोज लागतात

वर्ल्ड सेलिंगचं नियमांचं पुस्तक दर चार वर्षांनी नवं निघतं, सध्या २०२५ ते २०२८चं चालू आहे. जाडजूड आहे. नव्याने शिकणाऱ्याला सुरुवातीला चार-पाच नियम पुरतात.

नियम १० : समोरासमोर आलात तर ज्याच्या उजव्या अंगावर वारा येतो (स्टारबोर्ड टॅक) त्याचा हक्क. डाव्या अंगावर वारा असलेल्याने बाजूला व्हायचं. पाण्यावर सगळ्यांत जास्त ऐकू येणारी आरोळी "स्टारबोर्ड!" ही आहे. कोणाचा कुठला टॅक ते काठावरून कळत नसेल तर मोठ्या शिडाखालचा आडवा दांडा, बूम, बघा. बूम डावीकडे म्हणजे वारा उजवीकडून.

नियम ११ : दोघे एकाच टॅकवर, शेजारी शेजारी असतील तर वाऱ्याच्या बाजूच्याने खालच्याला सांभाळायचं. सुरुवातीच्या रेषेवरची बहुतेक भांडणं यातली. खालचा वर ढकलत येतो, वरचा म्हणतो मला जागा नाही. जागा नाही हे कारण चालत नाही. पण खालच्यानेही दिशा बदलताना वरच्याला बाजूला व्हायला वाव द्यावा लागतो, तो नियम १६.

नियम १२ : एकाच टॅकवर मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचं. हा गाडी चालवणाऱ्याला सांगावा लागत नाही. (पुण्यातल्या सोडून.)

नियम १३ : टॅक बदलत असताना तुम्हाला हक्क नाही. ऐन वेळी दुसऱ्याच्या नाकासमोर वळून "आता मी स्टारबोर्ड" म्हणता येत नाही.

नियम १८ हा बोयापाशी. बोयाभोवती होडीच्या तीन लांब्यांचं वर्तुळ कल्पा, आपल्या होड्यांना सुमारे बारा मीटर. ज्या क्षणी पहिली होडी त्यात शिरते, त्या क्षणी दोघी शेजारी असतील तर आतल्या बाजूच्या होडीला वळायला जागा द्यायची. बारा मीटरवर पट्टी लावून कोण बघणार? कोणीच नाही. म्हणूनच चांगले स्किपर वर्तुळाच्या जरा आधी शेजाऱ्याला ओरडून सांगतात, "ओव्हरलॅप आहे" (म्हणजे आपण शेजारी आहोत) किंवा "नाही". तेव्हा कोणी हरकत घेतली नाही, तर पुढचं भांडण टळतं. वाऱ्याकडे चढत वरच्या बोयाला दोन विरुद्ध टॅकच्या होड्या आल्या, तर तिथे हा नियम तसाच्या तसा लागू होत नाही. पण पहिल्या मोसमात त्यात डोकं घालू नका.

या सगळ्यांवर नियम १४ : शक्य असेल तर टक्कर टाळायचीच, हक्क तुमचा असला तरी.

दंड कसा? दुसऱ्याचा हक्क मोडला तर आधी गर्दीतून बाजूला व्हायचं आणि मग एकाच दिशेने दोन गिरक्या. प्रत्येक गिरकीत एक टॅक (होडीचं नाक वाऱ्यातून नेत वळणं), एक जाइब (होडीची पाठ वाऱ्यातून नेत वळणं). नुसत्या बोयाला होडी लागली तर एक गिरकी. दोन गिरक्यांत पाच-सहा होड्या पुढे निघून जातात. गेल्या वसंतात आमची बी डिव्हिजनची मुलगी तिसरी होती. शेवटच्या बोयाला तिच्या बूमचं टोक घासलं, फार तर बोटभर. कमिटी बोटीवरून आम्हाला दिसलं नाही, शेजारच्या होडीलाही नाही. तिने गिरकी घेतली आणि सातवी आली. धक्क्यावर कोणी तिची पाठही थोपटली नाही. इथे त्यात काही विशेष मानत नाहीत.

वारा नसताना होडी हलवून-हलवून पुढे ढकलायचा मोह होतो. नियम ४२ त्यासाठीच आहे. शीड सारखं हापसणं, होडी डुलवत राहणं, सुकाणू वल्ह्यासारखं मारणं बंद. वळताना अंगाने होडी एकदा कलंडवून सरळ करायची, म्हणजे रोल टॅक, ती चालते, फक्त वळणातून आधीपेक्षा जास्त वेगाने बाहेर पडता कामा नये. ही सीमा कुठे संपते यावर इथली पोरं रात्री दोनपर्यंत वाद घालतात.

अदलाबदलीचा धक्का

सेट संपला की अठरा होड्या एकदम धक्क्याकडे येतात. नवख्याचं काम : पुढे होऊन येणाऱ्या होडीचं तोंड वाऱ्याकडे धरायचं. मध्ये पाय घालून थांबवायचं नाही. होडी आणि धक्का यांच्यामध्ये फक्त फेंडर, म्हणजे धक्का झेलणारी उशी, असावा. उतरणारे आणि चढणारे एका वेळी एकच माणूस हलतात. नाहीतर होडी तिथेच उलटते, प्रेक्षकांसमोर.

उतरणारा स्किपर बसणाऱ्याला, म्हणजे प्रतिस्पर्धी कॉलेजच्या पोराला, होडीची दुखणी सांगतो : "जिबचं क्लीट (दोर अडकवायची पकड) सरकतंय, दोर बोटाने दाबून ठेव." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते खोटं वाटलं होतं. पण तीन तासांनी त्याच्या संघालाही कोणीतरी दुखणी असलेली होडी देणारच असतं.

शर्यतीत काही तुटलं तर लगेच, शर्यत चालू असतानाच किंवा संपताक्षणी, कमिटीला कळवायचं. चूक त्या मुलांची नसेल आणि त्यामुळे जागा गेली असेल तर ब्रेकडाउन मंजूर होतो, आणि त्या शर्यतीला त्यांना सरासरी गुण मिळतात. ७ नंबरच्या बुचाच्या वेळी तसंच झालं. तुटलेला भाग फेकू नका, डब्यात ठेवा, तो दाखवावा लागतो. सुट्या भागांची पेटी आणि पाना-पक्कड घेऊन एक माणूस दिवसभर धक्क्यावर हवा. मेकॅनिकलवाली मुलं या कामावर खूश असतात.

थंड पाणी

इथे एप्रिलमधलं पाणी फ्रिजमधल्या बाटलीसारखं असतं. हवा छान, ऊन पडलेलं, आणि माणूस टी-शर्टवर पाण्याकडे निघतो. नको. कपडे हवेसाठी नाही, पाण्यासाठी घालायचे : ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा पोशाख), आत लोकर, वर लाइफ जॅकेट, चेन लावून. बर्फाळ पाण्यात पडल्यावर १-१०-१ असा ठोकताळा शिकवतात. पहिलं एक मिनिट श्वास आवरायचा, कारण तो आपोआप जोरजोरात सुरू होतो. मग साधारण दहा मिनिटं हातपाय नीट चालतात. शुद्ध हरपायला साधारण एक तास. म्हणजे बचाव बोटीने दहा मिनिटांच्या आत पोचायचं.

होडी उलटली की आधी डोकी मोजा. दोन दिसली तर ठीक, ती स्वतःच होडी सरळ करतील. एकच दिसलं तर दुसरं शिडाखाली आहे असं धरून चला. माणसाजवळ जाताना इंजिन बंद, न्यूट्रल नव्हे, बंद. बोट चालवणाऱ्याने किल-स्विचची दोरी (तो पडला की इंजिन बंद करणारी) अंगाला अडकवलेली हवी. २६ फुटांखालच्या बोटींना ती अडकवणं इथे २०२१ पासून कायद्यानेच बंधनकारक झालं आहे.

आणि कमिटीला सुरुवात थांबवायचा अधिकार आहे, तो वापरा. शर्यत चालू असताना ती रद्द करायची तर निळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा (एन) आणि तीन आवाज. त्यावर पोरं नाराज होतात, पण तेवढ्यापुरती.

प्रोटेस्ट

पाण्यावर कोणाला आपल्यावर अन्याय झाला असं वाटलं, तर त्याने लगेच "प्रोटेस्ट!" असं ओरडायचं. मोठ्या बोटींना लाल झेंडाही लावावा लागतो, सहा मीटरखालच्यांना नाही. समोरच्याने गिरक्या घेतल्या तर विषय संपला. नाही घेतल्या तर काठावर येऊन इन्स्ट्रक्शन्समधल्या मुदतीत लेखी तक्रार. मुदत चुकली तर तक्रार गेली, आणि हे सांगायची जबाबदारी कमिटीची नाही. तरी मी ओरडून सांगतो.

सुनावणीत दोन्ही बाजू समोरासमोर बसतात. टेबलावर खेळण्यातल्या छोट्या होड्या असतात, त्या सरकवत दोघे आपापली गोष्ट सांगतात. ऐकणारे म्हणजे त्या घटनेशी संबंध नसलेले जाणकार. आधी काय घडलं ते ठरतं, मग नियम, मग निकाल. तुम्हाला साक्षीला बोलावलं तर पाहिलं तेवढंच सांगा. "मला वाटतं" ने सुरू होणारं वाक्य तोंडातच ठेवा. निकाल कुठल्याही बाजूने लागो, बाहेर येऊन दोघे एकाच खोक्यातला पिझ्झा खाताना दिसतील. आपल्याकडे सोसायटीच्या वार्षिक सभेनंतर असं होताना मी पाहिलेलं नाही.

रविवार संध्याकाळ

ठरलेल्या वेळेनंतर नवी सुरुवात नाही, वारा कितीही सुंदर सुटला असला तरी. ए आणि बीच्या शर्यती सारख्या झाल्यात का ते तपासा. एकाच्या दोन जास्त झाल्या असतील तर बेरीज लागत नाही. आरपी पूर्ण करा, गुण दोन जणांनी स्वतंत्रपणे कागदाशी ताडा, मगच टेकस्कोरवर अंतिम करा. पाहुणे आठ-आठ तासांच्या ड्राइव्हला निघायच्या घाईत असतात, त्यांना थांबवून निदान शिडांच्या घड्या घालायला लावा.

मग शेवटचं : गोड्या पाण्याने होड्या धुवायची गरज तळ्यावर नसते, पण चिखल काढा, दोर वाळवा, प्रत्येक होडीची दोन्ही बुचं उघडून मागचा भाग खाली ठेवा, कप्प्यातलं पाणी निघू द्या. काढलेली बुचं मी आता मापाच्या डब्यात टाकतो आणि मोजतो. छत्तीस भरली की झाकण लावायचं. पस्तीस भरली तर विजेरी घेऊन परत धक्क्यावर.